सांडशी धरणारा हात

सोसायटीत नवीन कुणी राहायला आलं की जिन्यात हमखास विचारतं, "तुमचं मूळ गाव कुठलं हो?" मी सांगते, "बैलगाडी." समोरच्याला वाटतं विनोद झाला. मी खरंच सांगत असते. आम्ही घिसाडी. गाडी घेऊन गावोगाव फिरायचं, पाल ठोकायचं, विळे-कुऱ्हाडी घडवून द्यायच्या आणि गावातलं काम संपलं की पुढच्या गावाला निघायचं. आता मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि कोथरूडला आईबरोबर राहते. चुका शोधायचा पगार मिळतो म्हणून असेल, पण मला त्या सुट्टीच्या दिवशीही दिसतात.

गेल्या वर्षी एक वयस्कर छायाचित्रकार आमच्या जुन्या वस्तीवर चौकशी करत करत घरी आले. तरुणपणी त्यांनी फोटोंचं एक पुस्तक केलं होतं. अर्ध्या पुस्तकात युरोपातले रोमा, देशोदेशी हाकलले गेलेले, आणि अर्ध्यात आपल्याकडचे भटके. आता त्याची दुसरी आवृत्ती निघणार होती आणि ते फोटोतली माणसं शोधत होते. त्यांच्याकडे उरलेली एकुलती एक प्रत त्यांनी आईच्या मांडीवर ठेवली. आई सावकाश पानं उलटू लागली. बर्फात उभी गाडी, चुलीपाशी बाई, नाक वाहणारी पोरं.

"ह्यांना कुठनं हाकललं?" आईनं विचारलं.

"सगळीकडूनच," ते म्हणाले.

आई "हां" म्हणाली, ओळखीच्या घरची खुशाली कळल्यावर म्हणते तसं. मी मात्र फोटोंखालच्या ओळी वाचत होते. प्रत्येक फोटोखाली देश आणि साल. ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणायला तयार नाही, त्यांच्या फोटोखाली न चुकता देशाचं नाव, आणि माणसाचं कुठंच नाही. मी तसं बोलून दाखवलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "म्हणूनच आलोय."

पुढं एका पानावर आई थांबली. फोटोत तीच होती, तरणीताठी, पदर खोचलेला, घण डोक्याच्या वर गेलेला. आमच्यात घण बाई मारते. पुरुष तापलेलं लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर फिरवत राहतो आणि बाई वरून घाव घालते. फोटोत आई पूर्ण होती. वडील नव्हते. खालच्या कोपऱ्यात मनगटापर्यंत एक हात, सांडशी धरलेला, अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

"ह्यो त्यो," आई म्हणाली.

मी चौथीत असताना वडील गेले. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. रेशनकार्डावर नाव होतं, तेही नंतर कमी केलं गेलं. धरणाराच नाही म्हटल्यावर घण कुणासाठी उचलायचा? आईनं तो विकला आणि कोथरूडला धुणीभांडी धरली. त्यामुळे त्या कोपऱ्यातला हात हेच काय ते वडील. मी पटकन फोनवर पानाचा फोटो काढला, पण गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा नेमका त्या कोपऱ्यात पडला होता. पुस्तक ते घेऊन गेले, नवी आवृत्ती निघाली की पहिली प्रत तुमची, असं सांगून.

काही महिन्यांनी नव्या मुखपृष्ठाचं चित्र माझ्या फोनवर आलं. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. मुखपृष्ठावर माझी आई. मागे नुसतं आभाळ, वर उचललेला घण, आणि नजर अशी की बघणाऱ्यानं वाटेतून बाजूला व्हावं. मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी मुलीलाही मी ते दाखवलं. ती म्हणाली, "वॉव, सो पॉवरफुल." मला तेच ऐकायचं होतं. ज्या पुण्यात आईनं भांडी घासली, त्या पुण्यातल्या दुकानांत ती काचेमागं अशी उभी राहणार होती.

घरी येऊन आईला दाखवलं. तिनं फोन जवळ धरला, लांब धरला.

"आन् तुजा बाप कुठं गेला?"

खालचा कोपरा कापला होता. ऐरण नव्हती, सांडशी नव्हती, हात नव्हता.

"मी काय हवेत घण मारतीय व्हय?" आई म्हणाली. रात्री ती नीट जेवली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, हे असं छापलं जाणार नाही.

आधी प्रकाशकाला मेल केले. उत्तरं अतिशय सभ्य आली आणि प्रत्येकात नकार होता. मग शनिवारी मी आईला घेऊन कसबा पेठेत प्रकाशकाच्या कचेरीत गेले. गाडी लांब लावून बोळातून चालत जावं लागलं. वरच्या मजल्यावर छायाचित्रकार होते आणि मुखपृष्ठ करणारी एक मुलगी होती.

"हे बघा," छायाचित्रकार मला म्हणाले, "मुखपृष्ठ म्हणजे कामाचा अहवाल नव्हे. एकच आकृती असली की नजर ठरते. आणि खरं सांगू? तो हात चुकून आलाय. मी तेव्हाच कापणार होतो, राहून गेलं."

माझं डोकं फिरलं. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त अवघड होतं. "सर, चुकून आला म्हणून वाचला," मी म्हटलं. "हात सोडला तर बाकीचे वडील तुम्ही नीट लक्ष देऊन बाहेर ठेवले होते."

मुलगी मधे पडली. "मॅम, एक करता येईल. फोटो मागच्या बाजूपर्यंत फिरवू या. फ्रंटला आई, बॅकला हात. पूर्ण इमेज येईल."

मला ते पटलं. मुखपृष्ठही राहील, हातही राहील. मी आईला समजावून सांगितलं. तिनं टेबलावरचं एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि परत ठेवलं.

"म्हंजे असं ठेवलं की मी वर, आन् त्यो टेबलाखाली दबलेला? न्हाई. आम्ही समोरासमोर काम केलंय."

"ताई, मग अख्खा फोटो मुखपृष्ठावर बसत नाही," छायाचित्रकार म्हणाले. "तो आत, लहान आकारात घ्यावा लागेल, आणि कव्हरवर दुसरंच कुणीतरी येईल. आतलं पान चाळणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. नीट विचार करा."

"केला," आई म्हणाली. "आत घाला. दोघांना घाला. आन् दोघांची नावं घाला."

मला ओरडावंसं वाटलं की आई, त्यांचा कुठंही नुसता हातच दिसणार, पण तू तर काचेमागं सगळी दिसणार होतीस. पण भांडायला मीच तिला तिथं आणलं होतं, आणि आता माझ्या मनासारखं होत नाही म्हणून बाजू बदलायची? मी म्हटलं, "आई म्हणते तसंच. आणि कागदावर लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. खाली उतरताना छायाचित्रकार आईला म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांचे फोटो घेतले. कव्हर नको म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं." आई म्हणाली, "तुम्ही इचारलं व्हतं का कुणाला?" ती खोचून बोलली नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती.

पुस्तक या उन्हाळ्यात आलं. मुखपृष्ठावर बर्फातली गाडी आहे. आमचा फोटो बराच आत, एका पानाच्या वरच्या अर्ध्यात, आणि खाली दोन नावं. ती मी इथं लिहीत नाही. तिथं छापली आहेत, ज्यांना हवीत त्यांनी तिथं वाचावीत.

आईला वाचता येत नाही. मी नावांवर बोट ठेवून वाचून दाखवलं, आधी तिचं, मग त्यांचं. तिनं हात पदराला पुसले आणि पुस्तक खिडकीपाशी नेलं. मग डावा तळहात तिनं अलगद फोटोवर ठेवला, स्वतःवर. घण, पदर, चेहरा, सगळं झाकून गेलं. कोपऱ्यात उरला तेवढा हात, सांडशी आणि ते काळं नख.

मी वाकून बघायला लागले.

"जरा थांब," ती म्हणाली. "त्याला एकट्याला बघू दे मला."

मी स्वयंपाकघरात गेले.