व्हॅनिलाचं विरजण

व्हॅनिलाचा वास आला की मला डिझेल आठवतं. सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला आमच्या शेजारच्या काकांनी रिटायर झाल्यावर कंटेनर ओढणारा डोंगराएवढा जुना सेमी ट्रक घेतला आणि आपली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ओढायला तो तयार करण्यात वर्षभर खपले. मागचा एक अ‍ॅक्सल काढला, चासी आखूड केली, सस्पेन्शन मऊ केलं. काकू मात्र अडून बसल्या. "हाडं खिळखिळी करून अमेरिका बघायची नाही मला. चालत्या ट्रकात दही लागलं, तरच येईन!" मग मी काकांबरोबर चाचणीच्या फेरीला निघालो, तेव्हा विरजण घातलेल्या दुधाचं पातेलं माझ्या मांडीवर देऊन त्यांनी बजावलं, "झाकण उघडायचं नाही हं." झालं, तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. पाच तासांनी काका डिझेल भरायला उतरले तसं मी उघडलंच. आत नुसतं पाणी! काकांचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं, म्हणून ते ओतून दिलं आणि पंपावरच्या दुकानातलं हाती लागेल ते योगर्ट भरलं. घरी काकूंनी चमचाभर चाखलं. "व्हॅनिलाचं विरजण कुठून आणलंस रे?" काकांना काहीच कळेना, मी बुटांकडे बघत राहिलो आणि काकू अशा हसल्या की पार सिअ‍ॅटलच्या खिडक्या हादरल्या. "एवढी लबाडी करून न्यायचंय मला, तर येते बाई!" परवाच त्यांनी कुठल्याशा वाळवंटातून घट्ट दह्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'ट्रक उभा करून लावलंय. साधंच आहे.'