मांगून येऊन राह्यली

शंकरपटाच्या, म्हंजे बैलजोड्यायच्या शर्यतीच्या, माइकवर यंदा मुकेश नव्हता. पावसाळ्यात छातीत कळ निंगाली अन् समुद्रपूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गडी गेला. पट ठरला, तसा पट भरवणारा म्हातारा अण्णाजी निकेशच्या दुकानात आला.

"माइक तू धर. हायस्कूलपासून त्याच्या बाजूले बसला ना?"

"बसलो, अण्णाजी. बोलत तर तोच होता!"

खोटं नव्हतं ते. नववीत शाळेच्या शर्यतीत निकेश सगळ्यायच्या मांगं पडला अन् मैदान सोडूनच चालला होता. तवा मुकेशनं मास्तरच्या हातचा भोंगा ओढून बोंब ठोकली, "निकेश मांगून येऊन राह्यला!" शाळा खदखदून हसली. निकेश त्याले शिव्या देत देत शेवटच्या रेघेपर्यंत पळाला.

पुढं पटातही मुकेशनं तोच बोल चालवला. 'हारली' हा शब्द त्याच्या तोंडून कोणत्याच बैलजोडीसाठी निंगाला नाई. किती का रखडेना, "मांगून येऊन राह्यली!" हरलेला धुरकरीही मिशीवर हात फिरवत गाडी घराकडं हाके. हिंगणघाटाकडचे लोक पट पाहाले कमी अन् मुकेशले आयकाले जास्त येत.

पटाच्या दिवशी निकेशनं नावं घेतली, गावं घेतली, बरं निभावलं. मंग मुकेशच्या बायकोनं, वर्षालीनं, मुकेशचीच जोडी उतरवली. हाकाले तिचा भाऊ.

"वहिनी, बैलायले यंदा सराव नाई. काऊन उतरवता?"

"मंग का गोठ्यात बसून पट आयकतीन ते? तुमी नाव नीट घेजा, भाऊजी."

झेंडी पडली. बाजूची जोडी सुसाट गेली. मुकेशची अर्ध्यातच रेंगाळली. निकेशनं माइक तोंडाशी नेला, पण भोंग्यातून नुसती खरखर निंगाली.

"बोल ना बे!" अण्णाजी खेकसला.

तेवढ्यात कडेच्या दोराजवळून कोणीतरी वरडलं, "मांगून येऊन राह्यली!" मंग दुसरा. मंग दोन्ही अंगचे समदेच, बायापोरं धरून. बैलायनं कान टवकारले, शेपट्या उचलल्या अन् दुसरी जोडी सुटून पाणी पिऊन राह्यली होती, तवा रेघ ओलांडली. वर्षाली पदर खोचून बैलं धराले गेली, जसा पहिलाच नंबर आला.

अण्णाजीनं निकेशच्या पाठीत थाप हाणली. "घशाले का झालतं बे?"

"काई नाई," निकेश म्हणाला. "मुकेशनं शिकवलेलं गावाले येते का, पाहून राह्यलो होतो."