मामंजी समुद्र शिकतात

पाण्याला भिण्याचं काम जर कुणी शास्त्राच्या पातळीवर नेलं असेल, तर ते माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी. आमच्या तंजावरच्या मराठीत सासऱ्यांना अजून मामंजी म्हणतात. ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि आमच्या वीदीतला, म्हणजे गल्लीतला, भाजीवालाही म्हणतो. त्या बिचाऱ्याला ते त्यांचं नावच वाटतं. कावेरीच्या पाण्यावर जगणारा हा मुलूख. घरातून निघून कुठल्याही दिशेला चालू लागलं तरी थोड्या वेळात एखादा कालवा आडवा येतो. अशा मुलखात राहून मामंजींनी साठी ओलांडेपर्यंत घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. अंघोळसुद्धा ते बादलीवर नजर ठेवून करत. आणि गंमत अशी की, त्यांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पापनाशमकडच्या कालव्यांची दारं उघडणं नि बंद करणं त्यांच्या देखरेखीखाली चाले. दार उघडायचं असलं की मामंजी काठापासून चांगले मागे सरकून, छत्री उघडून उभे राहत आणि मग पाणी सोडायला सांगत. लख्ख उन्हात नाही, भर ढगातही नाही, नेमकी दार उघडतानाच छत्री कशाला, असं एका नव्या साहेबानं विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "पाणी कुठून येईल ते कुणी सांगावं?"

या भीतीला कारण होतं. ते लहान असताना त्यांचा थोरला भाऊ वेण्णार नदीत पोहायला गेला तो परत आला नाही. त्या दिवसापासून मामंजींच्या मनात धोक्याचं एक बी पडलं आणि पुढे त्याचं रान माजलं. बसमध्ये ते नेहमी मधल्या बाकावर बसत, कारण धडक पुढून बसते किंवा मागून. घर रविवारी मासळीच्या वासानं भरून जाई, तेव्हा हे एकटे सारभात खात, कारण साराला काटे नसतात. बाहेर निघताना त्यांच्या खांद्याला जी पिशवी असे तिच्यात दिवसाउजेडी विजेरी, शिट्टी, जादा चष्मा, सुतळीचा गुंडा आणि गरम पाण्याचा थर्मास एवढं तरी असायचंच. थट्टा करणारे करत, पण रस्त्यात कुणाची चप्पल तुटली की सुतळीसाठी सगळे मामंजींकडेच येत.

अशा माणसाच्या पोटी भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जन्माला आले आणि शाळा संपताच त्यांनी जहाजावर जायचं ठरवलं. निवड झाली, मुंबईचं तिकीट आलं, पेटी भरून झाली. निघायच्या सकाळी मामंजी कारण न सांगता, आवाज न चढवता, त्या पेटीवर जाऊन बसले. बायकोनं विनवलं, शेजाऱ्यांनी समजावलं. गाडी तंजावर स्टेशनातून निघून गेली तेव्हा ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. भावोजी भांडले नाहीत. त्यांनी पुढे विमा कंपनीत नोकरी धरली, लग्न केलं, वडिलांच्या औषधपाण्यात कधी कमी पडले नाहीत. फक्त त्यांच्याशी बोलायचं सोडलं. आधी आई मध्ये होती. ती गेल्यावर हे निरोपाचं काम ताईच्या गळ्यात पडलं. बापलेक एकाच ऊंजळवर, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी झोपाळ्यावर, शेजारी शेजारी बसलेले असत आणि भावोजी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "अप्पांना कॉफी हवी का विचार." मामंजीही तिकडेच तोंड करून म्हणत, "अर्धा डबरा पुरे म्हणून सांग." डबरा म्हणजे कॉफीची खोलगट वाटी. ताई दोन्ही ऐकत असे आणि तरी दोन्ही निरोप पुन्हा बोलून पोचवत असे, कारण नाही पोचवले तर कॉफी कुणीच घेत नसे.

मग एकदा पट्टुक्कोट्टैला लग्न होतं. परतताना मंडळींनी हट्ट धरला म्हणून व्हॅन मनोऱ्याला नेली. आपल्या तंजावरच्या राजांनी समुद्राकाठी बांधलेला हा मनोरा. लोक तिथे फोटो काढतात, भाजलेले शेंगदाणे खातात आणि घरी जातात. मामंजी अर्थात व्हॅनमध्येच बसले. सगळे परतले, भावोजी परतले नाहीत. ते विजारीचे पाय दुमडून पाण्याच्या कडेला उभे होते. हाका मारल्या, हॉर्न वाजवला, तरी ते हललेच नाहीत. मामंजी व्हॅनच्या खिडकीतून एकटक त्या पाठीकडे बघत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळची कॉफी पिता पिता त्यांनी ताईला सांगितलं, "मला पडगू शिकायचाय. समुद्रावर जाऊन मासे धरायचे." पडगू म्हणजे होडी. ताईनं आधी डॉक्टरांना फोन केला आणि मग मला.

मामंजींनी समुद्र शिकायला सुरुवात केली ती घरातून. होडीत तोल सांभाळता यायला हवा म्हणून ते ऊंजळवर उभे राहत आणि ताईला झोका द्यायला लावत. एकदा तोल गेला आणि ते थेट समोरच्या तांदळाच्या पोत्यावर बसले, उठून म्हणाले, "लाट मोठी होती." गाठी शिकायच्या म्हणून घरातली एकही वस्तू सुटी राहिली नाही. पडदे, दुधाची पिशवी, भावोजींचे बूट, सगळं अशा नाविक गाठींनी बांधलेलं की ताई कात्री कमरेला खोचून हिंडू लागली. गच्चीवर गळ भिरकावायचा सराव सुरू झाला तेव्हा पहिल्याच फेकीत शेजारच्यांची वाळत घातलेली कांजीवरम गळाला लागली. मामंजींनी ती हळूहळू, मासा दमवावा तशी, ओढून घेतली आणि नीट घडी करून क्षमा मागत परत दिली. तरंगतं जाकीट मिळालं त्या दिवसापासून ते घरातूनच चढवून निघू लागले. पट्टुक्कोट्टैच्या बसमध्ये नारिंगी जाकीट घातलेला म्हातारा बघून कंडक्टरनं विचारलं, बसमध्ये कशाला? तर मामंजी म्हणाले, वाटेत कालवे आहेत की.

गुरू मिळाला तो मुरुगय्या नावाचा. मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्यावर त्याची लहानशी फायबरची होडी होती आणि तिच्यापेक्षा मोठं तोंड होतं. मासे धरण्यापेक्षा धरलेल्या माशांच्या गोष्टी सांगण्यात तो जास्त वाकबगार. त्याच्या गोष्टीतला मासा सकाळी हाताएवढा असला तर दुपारी होडीएवढा होई. पण मामंजींसारखा श्रोता त्याला जन्मात मिळाला नव्हता. मामंजी प्रत्येक गोष्ट खरी मानत आणि वर विचारत, "मग तेव्हा होडी का बुडाली नाही?"

पहिल्या दिवशी होडी अजून खुंटीला बांधलेलीच होती तेव्हा मामंजींना उलटी झाली. दुसऱ्या खेपेला खुंटी सुटल्यावर झाली, ही प्रगती धरली गेली. खारवलेल्या नारत्तंगाची, म्हणजे आमच्याकडच्या कडवट ईडलिंबाची, फोड दाढेखाली धरून ते जात, पिवळेधमक होऊन येत आणि पुढच्या रविवारी पुन्हा जात. आमच्याकडचा समुद्र तसा उथळ नि गरीब आहे, दूरवर गेलं तरी तळ फार खाली जात नाही; पण हे मामंजींना सांगून उपयोग नव्हता. भाऊ गेला तिथे तर त्याहून कमी पाणी होतं, असं ते एकदा म्हणाले. हळूहळू मात्र उलट्या थांबल्या. आमिषाला कोळंबी कशी लावायची, शिसं तळाला टेकलं की दोरी बोटाला कशी कळते, वारा फिरायच्या आधी पाण्याचा रंग कसा बदलतो, हे त्यांना येऊ लागलं. इंजिनाचा दांडा धरून ते होडी वळवू लागले. पहिला मासा बोटाएवढा निघाला. मामंजींनी हातमोजे घालून त्याला गळावरून सोडवला, "तुम्हांला फार लागलं नाही ना?" असं विचारलं, आणि मुरुगय्या कालवणाचं बघत असतानाच पाण्यात सोडून दिला.

हे सगळं चालू असताना भावोजी काहीच बोलले नाहीत. फक्त रविवारी दुपार झाली की ते दारात येऊन उभे राहत, आणि कोपऱ्यावर नारिंगी जाकीट दिसलं की आत निघून जात. ताईनं हे कितीदा तरी पाहिलं आणि एका शनिवारी तिनं जाहीर केलं की निरोप सांगून तिचं तोंड दुखतंय, उद्या दोघांनी एकत्र समुद्रावर जावं. निरोप्या म्हणून तिनं मला सोबत दिलं.

माझी नेमणूक फार काळ टिकली नाही. किनाऱ्यापासून होडी दूर जाईतो "अप्पांना म्हणावं सरकून बसा" आणि "त्याला सांग, दोरीवर पाय देऊ नकोस" असे निरोप मी इमानानं पोचवले. नांगर टाकून गळ सोडले, होडी एका जागी डुलू लागली, आणि मी कडेवर ओणवा झालो तो निरोपाच्या कामातून उठलोच. मान वर करण्याची सोय नव्हती, त्यामुळे पुढचं मी बरंचसं कानांनी पाहिलं. मुरुगय्याच्या गळाला केळुत्ती, म्हणजे शिंगाळा मासा, लागली. तिच्या कल्ल्याजवळचा काटा विषारी असतो, हे आम्हांला नुकतंच रंगवून सांगत तो ती सोडवत होता, आणि सांगता सांगता तोच काटा त्याच्या पंजात शिरला. मुरुगय्या किंचाळत होडीच्या तळाशी आडवा झाला. हात सुजू लागला. तेवढ्यात वारा वाढला आणि लाटा होडीवर थापा मारू लागल्या.

मामंजींनी पिशवी उघडली. थर्मासातलं पाणी डब्यात ओतलं, आधी स्वतःचं बोट घालून पाहिलं आणि मग मुरुगय्याचा पंजा त्यात बुडवला. अशा विषाला सोसवेल इतकं गरम पाणी हाच उतारा. भावोजींनी इंजिनाची दोरी खेचली, ते सुरू झालं, पण होडी नांगराला बांधलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. मी होतो तिथेच होतो. क्षणभर नुसता वारा ऐकू आला आणि मग भावोजींचा आवाज.

"अप्पा, नांगर ओढा."

मी त्या अवस्थेतही श्वास धरला. मामंजी गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि दोरी ओढू लागले. ओला दोर होडीत पडत असल्याचा आवाज येत राहिला. नांगर वर आला. भावोजींनी दांडा फिरवला तशी होडी किनाऱ्याकडे न जाता गरकन उलटी वळली.

"दांडा उलट धर," मामंजी म्हणाले. "उजवीकडे जायचं तर डावीकडे ढकल."

"असं?"

"अंमळ कमी. लाट आडवी घेऊं नको, पाठीवर घे. हां. आता बेस आहे."

"आता?"

"आता बेस म्हटलं की."

किनाऱ्याला लागेपर्यंत याहून जास्त बोलणं झालं नाही. मुरुगय्याला दवाखान्यात नेलं; हाताची सूज उतरली आणि संध्याकाळपर्यंत ती केळुत्ती त्याच्या सांगण्यात डुकराएवढी झाली. परतताना मी भावोजींच्या गाडीत मागच्या सीटवर लोळत होतो. वाटेत ओरत्तनाडु आलं तशी भावोजींनी गाडी हळू केली आणि समोर बघतच विचारलं, "कॉफी घ्यायची का, अप्पा?" मामंजीही समोर बघतच म्हणाले, "घेऊं की." घरी ताईनं दारातच मला गाठून काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझी नोकरी गेली.

आता बापलेक इतके बोलतात की ताई कानांवर हात ठेवते. कुठली गाठ कुठे मारायची, उद्या वारा कुठून येणार, आमिषाला कोळंबी बरी की माकूळ, यावर ऊंजळवर बसून भांडणं होतात. भावोजींनी स्वतःची लहान होडी केली. दर रविवारी दोघे जायचे. अलीकडे मामंजींचे गुडघे साथ देत नाहीत, होडीत चढणं जमत नाही, म्हणून भावोजी मुरुगय्याला घेऊन जातात आणि मामंजी किनाऱ्यावर ताडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात.

मागच्या रविवारी मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. होडी लहान होत होत दिसेनाशी झाली. मामंजी बराच वेळ त्या रिकाम्या पाण्याकडे बघत होते. काळजी वाटते का म्हणून मी विचारलं. वाटते, म्हणाले, वाटायचीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा जाऊं दिलं असतं, तर आतापावेतो कितीदा परत आला असता तो."

ऊन चढलं. दूर पाण्यावर एक ठिपका दिसू लागला, तशी मामंजी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले आणि धोतर वर खोचून पाण्याकडे चालू लागले.