ईसीजीच्या खोलीतले पाठमोरे

पाठमोरे हे त्यांचं आडनाव आहे असं मी सुरुवातीला धरूनच चालले होते. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. नोंदणीच्या खिडकीवरची बाई हसत सुटली. म्हणाली, "अहो, ते आडनाव नाही. ते उभेच तसे असतात." खरं आडनाव मी नंतर विचारलं आणि विसरलेही. हेच जास्त शोभतं.

आमच्या घराजवळच्या रुग्णालयात ते ईसीजी काढतात, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तळमजल्यावर, पाण्याच्या नळाला लागून त्यांची खोली. खोली कसली, खोकं. एक खाट, एक मशीन आणि नीट न लागणारं दार. दाराची तक्रार करून करून ते थकले आणि शेवटी त्यांनी स्वतःच आतून दोन पडदे लावले, एकामागे एक. कुणी चुकून घुसलंच तर पहिल्या पडद्यात अडकतं आणि दुसऱ्यापाशी पोचेपर्यंत त्याला चार शब्द ऐकवता येतात.

मी तिथे गेले ती सासूबाईंमुळे. आमच्या आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी शाळा त्यांच्या एका नजरेने चिडीचूप व्हायची. पण तपासणीसाठी गळ्याचं बटण काढायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. वर्षभरापूर्वी छातीत दुखलं म्हणून त्यांना दुसऱ्याच एका ठिकाणी नेलं होतं. तिथे दार सताड उघडं, समोर बाकावर चार माणसं, आणि तिथला माणूस मोबाइलवरची मान वर न करता म्हणाला, "कपडे काढून झोपा." आई उठल्या, पर्स उचलली आणि तडक घरी आल्या. "गॅस आहे," म्हणाल्या. मी तोंडाचा पट्टा सोडला, नवऱ्याने हात जोडले, काही उपयोग झाला नाही. दुखणं अंगावर काढीन पण पुन्हा तिथे जाणार नाही, हे त्यांचं ठरलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्या माणसाचा त्याहून जास्त.

पाठमोऱ्यांचं नाव मग शेजारणीने सुचवलं.

त्यांची कामाची तऱ्हा अशी. बाई पेशंट असली की तिच्याबरोबरच्या बाईला ते आधी बाहेर बोलावतात. बरोबर कुणी नसेल तर वॉर्डातल्या मावशींना. दाराबाहेर खुंटीला त्यांचा एक जुना पांढरा शर्ट टांगलेला असतो. छातीवर जिथे जिथे वायरी लागतात, नेमक्या तिथे त्यांच्या बायकोने शर्टावर सहा रंगांची सहा बटणं शिवून दिली आहेत. तो शर्ट स्वतःच्या अंगावर धरून ते शिकवतात. "लाल इथे, पिवळं त्याच्या समोर. तपकिरी बरगडी मोजून खाली. हिरवं या दोघांच्या मधे." शिकवून झालं की परीक्षा घेतात. मी पहिल्या फटक्यात नापास झाले. मला पुन्हा उभं केलं. मुख्याध्यापिकेची सून नापास! आई आत खाटेवर पडून ऐकत होत्या, त्यांचं हसू मला दोन पडद्यांतून ऐकू आलं. अर्धं काम तिथेच झालं.

मग ते आत आले ते भिंतीकडे बघतच. मशीनसमोर उभे राहिले आणि तिथून हलले नाहीत. मी चादरीखाली हात घालून चाचपडत एकेक वायर लावायची. वायरींच्या टोकाला वाट्या असतात, त्या गार लागू नयेत म्हणून गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलेल्या. जेलीची बाटलीसुद्धा कोमट पाण्याच्या पेल्यात. कागदावर रेघ उमटायला लागली की या माणसाला भिंतीकडे तोंड करून सगळं दिसतं. "ताई, हातांचे चिमटे उलटे लागलेत. लाल उजव्या हाताला." "तपकिरी बोटभर खाली घ्या." मी आईंकडे बघितलं. एवढ्याशा खोलीत परपुरुष दोन हातांवर, आणि या निवांत पडलेल्या.

"आजी, झालं हं," ते म्हणाले.

"आजी कुणाला म्हणता?" आई म्हणाल्या. तेव्हापासून ते त्यांना बाई म्हणू लागले.

सगळेच त्यांना डोक्यावर घेतात असं नाही. चार मिनिटांच्या कामाला नऊ मिनिटं लागतात म्हणून बाहेरची रांग कुरकुरते. एक नवे डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "इथे कसली लाज? फार वेळ घालवता तुम्ही." त्यावर पाठमोरे म्हणाले, "साहेब, उशिरा का होईना, कागद हातात येतो. निघून गेलेल्या बाईचा कागद कुठून आणू?" हे मला मावशींनी सांगितलं. ते स्वतः सांगणाऱ्यातले नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? काहीतरी थोर ऐकायला मिळेल म्हणून मी सरसावून बसले. ते म्हणाले, "ताई, पहिल्या दिवशी मलाच इतकी लाज वाटली की हातातून वायरी सुटल्या. म्हणून मी वळलो. बायकांना त्याने बरं वाटतंय हे पुढे कळलं." दुसरा कुणी असता तर त्याने भाषण ठोकलं असतं. माझ्या मनात हा माणूस त्या दिवशी आणखी एक पायरी वर चढला.

चौथ्या खेपेची गोष्ट. सकाळी आईंची छाती भरून आली आणि त्या आपण होऊन म्हणाल्या, "चल, पाठमोऱ्यांकडे जाऊ." हे ऐकून मला घाम फुटला, कारण आपण होऊन म्हणाल्या म्हणजे दुखणं साधं नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, आधी ईसीजी काढा, मी आलोच मागून.

मी वायरी लावल्या. एकही चूक नाही. कागद सरसरत निघाला. तेवढ्यात पाठमोरे म्हणाले, "ताई, वायर सुटली का एखादी? रेघ विस्कटली."

मी चादरीखाली चाचपून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. "नाही हो."

"बाई, हात हलवू नका."

आई काही बोलल्या नाहीत. आणि आई काही बोलल्या नाहीत असं कधी होत नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि किंचाळले.

पाठमोरे वळले. चादर फेकली, आईंचे कपडे बटणं तोडून बाजूला केले आणि दोन्ही तळहात छातीवर रोवून दाबायला लागले, मोठ्याने आकडे मोजत. मधेच त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. त्या हाकेने रांगेतली माणसं, मावशी, सगळेच आत धावले आणि दोन्ही पडदे ओरबाडले गेले. पाठमोऱ्यांनी दाबणं न थांबवता मान वर केली आणि कडाडले, "तोंडं फिरवा! सगळ्यांनी पाठ करा इकडे!"

असा आवाज त्यांना आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सात-आठ माणसं एकदम वळली आणि दारात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्यातला एक मघाशी रांगेवरून माझ्याशी भांडला होता. डॉक्टर त्या पाठींमधून वाट काढत झटक्याचं यंत्र घेऊन आत आले. एक झटका. काही नाही. पुन्हा दाबणं. दुसरा झटका, आणि रेघ हळूहळू शहाण्यासारखी चालू लागली. डॉक्टर नाडी बघत होते, नर्स सुई टोचायला शीर शोधत होती, मी भोकाड पसरलं होतं. घामाने निथळणाऱ्या पाठमोऱ्यांनी जमिनीवरची चादर उचलली, झटकली, आईंच्या गळ्यापर्यंत ओढली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

आई वाचल्या. आठ दिवसांनी वॉर्डात उशीला टेकून बसायला लागल्या. पण पाठमोरे एकदाही वर आले नाहीत. मावशी म्हणाल्या, "धड जेवत नाहीत. दुसरं काम द्या म्हणतात." मग मीच त्यांना हाताला धरून आणलं. ते आईंच्या खाटेभोवतीच्या पडद्याबाहेर, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"बाई, माफ करा," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमचे कपडे... आणि खरं दुखतंय ते वेगळंच. मी तुमच्याकडे बघत असतो तर आधी कळलं असतं. भिंतीकडे तोंड करून वायर सुटली का विचारत बसलो. तेवढा वेळ माझ्यामुळे गेला. इतकी वर्षं मी हे चुकीचंच करत आलो की काय..."

मला वाटलं, आई म्हणतील, जाऊ द्या हो. पण त्या जाऊ द्या म्हणणाऱ्यातल्या नाहीत.

"ऐका," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण सूर वर्गातलाच. "तुम्ही नसतात तर मी त्या दिवशी तपासायला आलेच नसते. गॅस गॅस म्हणत घरीच गेले असते, आणि ही सून बसली असती रडत. तेव्हा काम सोडायचं नाव काढू नका. चूक झाली ती झाली. ती सुधारा. चादर गळ्यापर्यंत असते ना?"

"हो, बाई."

"चेहऱ्यावर तर नसते? मग तेवढा बघत जा की."

पाठमोरे तसेच उभे होते. मी पडदा बाजूला केला. ते सावकाश वळले, डोळे पुसले, आणि आईंकडे बघून पुन्हा पुसले. मलाही हुंदका आवरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीन ढकलत वॉर्डात आले. मी चादरीखाली वायरी लावत होते. पाठमोरे उशाशी उभे राहून कधी कागदाकडे, कधी आईंच्या तोंडाकडे बघत होते. सवय नव्हती बिचाऱ्यांना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि नजर सारखी भिंतीकडे पळत होती.

"बघा, बघा," आई म्हणाल्या. "खात नाही मी तुम्हाला."