बरणीमागची भिंत

आजवर हे कोणालाच सांगितलं नाही. आमच्या घरातल्या वर्षभराच्या लोणच्याला बुरशी लागली, ती माझ्यामुळे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. प्रताप नगरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, घरात आई, मी आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली बायको. हिंगण्याच्या कारखान्यात मी पत्रा कापायच्या कामावर होतो. त्या उन्हाळ्यात साहेबांना विचारून पत्र्याचे उरलेले तुकडे आणले आणि स्वतःच्या हातानं कूलर बनवला. मागच्या खोलीच्या खिडकीत बसवला, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावल्या. दुपारी पडदे ओढले की खोली हिरवट व्हायची. वाळ्याचा वास, पंख्याची घरघर, कुठंतरी टपटप. बाहेर ऊन पांढरं पडलेलं आणि आत आम्ही तळ्याच्या तळाशी निजल्यासारखे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माह्या पोरानं बनवला. दुकानातल्यापेक्षा थंडा करते."

टाकीचा एक सांधा माझ्याकडून कच्चा राहिला होता. पाणी खिडकीखालून भिंतीत उतरत होतं. हात लावला तर चुना ओल्या पिठासारखा बोटाला यायचा. मला कळलं होतं. पण सांधा नीट करायचा तर टाकी उतरवावी लागणार, आईला दिसणार. मी वरून डांबर फासलं आणि डाग झाकायला लोणच्याची बरणी पाटासकट सरकवून त्या भिंतीला टेकवून ठेवली.

पाऊस लागल्यावर एका सकाळी आईनं बरणीचं फडकं सोडलं. फडक्यावर राखाडी लव, आत फोडींवर पांढरी साय.

"काहून वं," आई बायकोला म्हणाली, "बाहेर बसली होतीस तेव्हा शिवली होती ना बरणीले?"

महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईचा हात लागला की लोणचं नासतं, असं आमच्याकडे सगळेच धरून चालत.

"नाही जी, आई. मी तर समोरच्या खोलीतच होती."

"मंग बुरशी का आभायातून पडली?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. बस निघून जाईल, एवढंच म्हणालो आणि गेलो.

संध्याकाळी परतलो तर ती पाट बाजूला सारून भिंतीला नाक लावून उभी होती. भिंतीवर हिरवे-काळे ठिपके पसरलेले, मखमलीसारखे मऊ. खरं सांगतो, क्षणभर मला ते सुंदर वाटले.

"तुमले कुबट वास नाही येऊन राहिला काय?"

"पावसाची ओल हाय," मी म्हणालो.

तिनं तोंडाला पदर बांधून उलथन्यानं सगळं खरवडलं. चुन्यात मोरचूद कालवून दोन हात दिले. कडुनिंबाचा पाला जाळला, तेव्हा धुरात ती दिसायची, नाहीशी व्हायची. गाद्या उन्हात, कपडे उन्हात. भिंत निळसर झाली. आईनं ती पाहिली आणि म्हणाली, "भिंतीचं पावसानं झालं असन. लोणच्याचं तुह्यानंच."

कूलर काढायची वेळ झालीच होती. टाकी उतरवून मी सांधा गुपचूप पक्का केला. भिंत पुन्हा ओली झाली नाही.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोणी बाहेर बसत नाही, कोणी कोणाला विचारत नाही. तरी बायको बरणीत हात घालत नाही. ताटावर बसलो की म्हणते, "तुम्हीच घ्या काढून." एकदा विचारलं, काहून? तर हसली. "राहू द्या. माह्या हाताले लोणचं लाभत नाही."

तिला ते आता खरंच वाटतं.

तिच्या हातात काही दोष नव्हता. सांधा माझा गळत होता, पाट मी सरकवला होता, आणि ती बोलणी खात असताना मी तिथंच बसलो होतो. हे तिच्यासमोर बसून सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.