मथूकाकीने विचारलं तेव्हा

मथूकाकीला आडून विचारणं ठाऊकच नव्हतं. माणूस समोर आलं की जे मनात यायचं, ते ती सरळ तोंडावर विचारायची. आम्ही चिंचणीला तिच्या घरी राहायला आलो त्या दिवशी बैलगाडीतून काळ्या लोखंडी पेट्या उतरत होत्या. पेट्यांवर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव आणि नंबर घातलेला होता. काकी कमरेवर हात ठेवून अंगणात उभी होती. तिने पेट्यांकडे पाहिलं, आईच्या कपाळाकडे पाहिलं, मला आणि राजूला पाहिलं आणि म्हणाली, "नवरा कुठं हाय गो तुझा? टाकून गेला का?"

आईचा चेहरा उतरला. "टाकून कशाला जातील? फौजेत आहेत. सरहद्दीवर."

"मग परत येल का?"

"येतील की."

"तुला कसा म्हाईत?"

आई पुढची पेटी उतरवून घ्यायला वळली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा परत येतील का, हा प्रश्न विचारता येतो हेच मला तोवर माहीत नव्हतं. छावणीत सगळ्यांचेच वडील जात आणि येत. आमच्या तिथल्या शेजारणींनी असं कधी विचारलं नव्हतं. मी आईचा पदर ओढून म्हटलं, "मम्मी, ये आंटी ऐसा क्यों बोलती है?" त्यावर काकीने तिसरा प्रश्न विचारला, "ही पोर मराठी नाय का?"

बाबा तोफखान्यात हवालदार होते. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, पण मी ते एकदाच पाहिलं होतं. माझा जन्म एका छावणीतला, राजूचा दुसऱ्या, अंबाल्याच्या. बाबांची पलटण सरहद्दीकडे गेली तेव्हा कुटुंबांना क्वार्टर सोडावे लागले. माझा मामा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर होता. त्यानेच चिंचणीत मथूकाकीच्या वाडीतल्या दोन खोल्या आमच्यासाठी पाहिल्या. वाडी म्हणजे नारळ, चिकू आणि मोगऱ्याची बाग. मधोमध विहीर, विहिरीवर रहाट, आणि रहाट ओढणारा एक म्हातारा रेडा. काकी विधवा होती, मूलबाळ नव्हतं. वाडीचा सगळा कारभार ती एकटी पाहायची.

त्या घरात मला आणि राजूला काहीच उमगत नसे. छावणीत सगळी घरं सारखी, सगळ्या वेळा बिगुलावर ठरलेल्या. इथे दुपारी जेवताना कुणीही शेजारीण सरळ चुलीपर्यंत यायची आणि कालवणात काय आहे ते झाकण काढून बघायची. शाळेत मुली विचारायच्या, "तुमचं गाव कुठलं?" मी कधी अंबाला सांगे, कधी सातारा, कधी चिंचणी. तिन्ही वेळा त्या हसत. बाईंनी एकदा 'शीघ्र' शब्दाचा अर्थ विचारला, तर मी म्हटलं, "जल्दी." वर्ग इतका हसला की मी महिनाभर तोंड उघडलं नाही. राजू चार वर्षांचा होता. कुठलीही वर्दी दिसली की तो टाचा जुळवून सलाम ठोकायचा. पोस्टमनला केला, एसटीच्या कंडक्टरला केला. पोस्टमन बिचारा लाजून उलटा सलाम करायचा.

आईने मात्र दोन खोल्यांत छावणी तशीच चालू ठेवली होती. पहाटे उठवायची, अंथरुणाच्या घड्या कोपऱ्याला कोपरा लावून. बाबांचे जास्तीचे बूट दर रविवारी बाहेर काढून पॉलिश करायची. काकी पायरीवर बसून ते बघायची.

"पाय तिकडं, नि बूट इकडं चमकवतं. कोनाला दाखवतं गो?"

"सवय आहे, काकी."

"सवय हाय का भ्या वाटतं?"

आई ब्रश जोरात घासू लागायची. पण त्याच काकीने पहिल्या आठवड्यात आईला सुके बोंबील भाजायला शिकवले, राजूला गोवर आला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन दिवसचे दिवस बसली, आणि माझ्या केसांत रोज मोगरा माळला. ती आपल्यावर माया करते की आपल्याला टोचते, हे मला ठरवता येईना. आईलाही येत नसावं.

पासष्ट सालची लढाई सुरू झाली तेव्हा गावात एका किराणा दुकानात रेडिओ होता. बातम्यांच्या वेळी सगळे तिथे जमत. आई लांब उभी राहून ऐके. काकी थेट रेडिओपुढे जाऊन बसायची. बातम्या संपल्या की दुकानदाराला म्हणायची, "आमचे हवालदाराचा काय सांगितला नाय तो?" दुकानदार समजावायचा, "काकी, लाखभर जवान असतात. एकेकाचं नाव कसं सांगतील?" काकी म्हणायची, "मग बातमी कशाला म्हनतात तिला?" लोक हसत. आई त्या दिवसांत पहिल्यांदा काकीचा हात धरून घरी आलेली मी पाहिली.

लढाई थांबली. थंडी पडायला लागली तेव्हा बाबा सुट्टीवर आले.

खरा गोंधळ तिथून सुरू झाला. राजू आधी दोन दिवस त्यांच्या जवळच जाईना. तिसऱ्या दिवशी मागून जाऊन त्याने हाक मारली, "बाबा!" ते वळले नाहीत. तो पुन्हा ओरडला. ते मोगऱ्याकडे बघत उभे. राजू माझ्याकडे आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, हे आपले बाबा नाहीत. आपले बाबा वळतात."

मला हसू आलं, पण मलाही तेच वाटत होतं. मी विचारायची, "बाबा, तिकडे बर्फ होतं का?" ते हसून म्हणायचे, "हो, जेवलो." कधी उत्तरच द्यायचे नाहीत. वाटायचं, आपलं काही चुकलंय म्हणून ते रागावलेत. आई म्हणायची, "बाबा दमलेत. त्रास देऊ नका." पण आईही विचित्र वागत होती. कायम त्यांच्या उजव्या अंगाला बसायची. कुणी पाहुणा काही बोलला की तोच प्रश्न त्यांच्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणायची, "ते विचारतायत, चहा घेणार का?" मोठ्या माणसांचा हा काय खेळ आहे, मला समजेना. मामा आला तेव्हा तो सबंध वेळ एकटाच बोलत राहिला आणि बाबा मान हलवत राहिले. जाताना मामाने माझ्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही.

एका सकाळी वाडीत नारळ पाडायचं काम चाललं होतं. पाडणारा माडावर चढलेला होता. बाबा राजूचं बोट धरून रहाट बघायला निघाले होते आणि जाता जाता त्याच माडाखाली थांबले. आता कुठे राजूने त्यांना बोट द्यायला सुरुवात केली होती. वरून पाडणारा ओरडला, "बाजूला व्हा! ओ, बाजूला!" मी पडवीतून ओरडले. आई ओरडली. बाबा वाकून राजूला काहीतरी दाखवत होते. नारळ धप्पकन पडला, राजूच्या पायापासून हातभर अंतरावर. माती राजूच्या तोंडावर उडाली आणि तो किंचाळला.

काकी धावत गेली. राजूला उचलून तिने माझ्याकडे दिलं आणि बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"हवालदार, तुमाला ऐकू येत नाय?"

बाबा तिच्याकडे बघून हसले. "हो, झाडं फार चांगली ठेवलीत तुम्ही."

माडावरचा माणूस मोठ्याने हसला. दोन कामकरणी होत्या, त्याही हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या गप्प झाल्या. काकी हसली नव्हती. तिने त्यांचा दंड धरला आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं, "तुमाला. ऐकू. येत. नाय?"

या वेळी त्यांना कळलं. बाबांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी नंतर कधीच पाहिला नाही.

घरात आले ते थेट पेट्या काढायला लागले. "आजच्या आज जागा सोडायची. भर. सगळं भर." त्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नव्हतं, सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. आई बाहेर आली आणि काकीवर तुटून पडली. ती कुणाशी इतकं मोठ्याने बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

"चार लोकांत विचारायची काय गरज होती तुम्हाला? तोफांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, ते मी इतके दिवस झाकून ठेवलं. पलटणीत कळलं तर काढून टाकतील त्यांना. दोन लेकरं घेऊन कुठे जाऊ मी?"

"तुला म्हाईत होता?" काकीने विचारलं.

आई रडायला लागली. काकी तिला तिथेच सोडून आत गेली आणि बाबा ज्या पेटीत कपडे कोंबत होते, त्या पेटीच्या झाकणावर हात ठेवून त्यांच्यासमोर खाली बसली. मी दारात उभी होते.

"हवालदार, तिकडं तोफेजवळ तुमी एकटं असता?"

बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "सहा जण असतो."

"तिकडं कोन ओरडला, बाजूला व्हा, तर?"

बाबा पेटीत बघत राहिले. मग हळू, अगदी हळू म्हणाले, "एकदा ओरडले होते."

"मग?"

"दुसऱ्याने ओढलं मला. त्याचा हात गेला."

काकीने झाकणावरचा हात काढला. बाहेर रहाट कुरकुरत होता. बाबा जमिनीवर बसले आणि त्यांनी शर्टाच्या घड्या घालायला घेतल्या, पुन्हा उलगडल्या, पुन्हा घातल्या. आई येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली. मला एवढंच कळलं की जागा सोडायची नाहीये. बाकी काहीच कळलं नाही. बाबांचं चुकलं होतं, की आईचं, की काकीचं? राजूने विचारलं, "आता ते बाबा आहेत का?" मी म्हटलं, "हो. गप."

सुट्टी संपायच्या आधीच बाबा परत गेले आणि त्यांनी स्वतः जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं. उन्हाळ्यात ते कायमचे घरी आले, साध्या पांढऱ्या शर्टात. राजू हात अर्धा उचलून थांबला. वर्दी नसलेल्या माणसाला सलाम करायचा की नाही हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनीच त्याला आधी सलाम केला आणि मग तोंड फिरवून विहिरीकडे गेले.

पुढे मामाच्या ओळखीने त्यांना एका ठेकेदाराच्या गोदामात काम मिळालं आणि आम्ही बोईसरला राहायला गेलो. निघताना काकीने विचारलं, "आता परत येल का गो तू?" आई म्हणाली, "बघू." बाबा गाडीत आधीच बसले होते. ते तिचा निरोप न घेताच निघाले. मला त्यांचा राग आला, आणि काकीचाही आला, कारण ती तरीही हसत होती. आई सणावाराला आम्हाला घेऊन चिंचणीला जायची. बाबा बरोबर यायचे नाहीत. काकी दर वेळी त्यांच्यासाठी चिकू द्यायची आणि ते खायचेही. पण तिचं नाव घरात निघालं की उठून जायचे. त्यांना ऐकू आलेलं असायचं की आमच्या चेहऱ्यावरून समजायचं, कोण जाणे.

मी मॅट्रिकला होते तेव्हा काकी अंथरुणाला खिळल्याचं कळलं. आई निघाली, तर बाबा न सांगता चपला घालून दारात उभे. काकी अगदी वाळली होती. आवाज राहिलाच नव्हता. तिने बाबांना हाताने जवळ बोलावलं. बाबांनी आपला बरा, उजवा कान तिच्या तोंडाशी नेला आणि कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी काहीतरी सांगितलं. त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, अगदी हलक्या. काकीचे ओठ हलले, तिने मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. महिना संपायच्या आत ती गेली.

त्या दिवशी परतताना एसटीत आईने त्यांना विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारत होती, राग अजून हाय का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं नाही असं वाटून आईने पुन्हा विचारायला तोंड उघडलं. पण त्यांनी ऐकलं होतं.

"म्हटलं, पुष्कळ वर्षं होता. आता आहे की नाही, ते मला कळत नाही." मग आईकडे वळून ते म्हणाले, "तेवढं ऐकून ती बरं म्हणाली."

आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. बोईसर येईपर्यंत तो काढला नाही.