लांब काठीचे दोन तुकडे

पडद्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून रॉड कापणाऱ्या त्या माणसाला सगळे खांब म्हणत. उंचीमुळे नाही, उंचीने तो बेताचाच होता. नाव मैदानावरचं. लॅक्रॉसमध्ये टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा असतो. बचावाला उभ्या राहणाऱ्यांच्या हातात ही काठी चांगली डोक्याच्या वर जाईल एवढी लांब असते. ती घेऊन हा गोलापुढे एकदा उभा राहिला की हलायचं नाव घेत नसे. पुढे गुडघ्याने दगा दिला, खेळ सुटला, काठी घरी दारावरच्या खुंट्यांवर जाऊन बसली आणि नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं.

दुकानात मात्र त्याचा शब्द चालायचा. रॉड एकदा आखूड झाला की संपलं, तो काही ओढून लांब करता येत नाही. म्हणून खांब प्रत्येक रॉड बोटभर जास्त ठेवून कापायचा, खिडकीशी धरून बघायचा आणि मगच उरलेलं उतरवायचा. गिऱ्हाइकं घायकुतीला यायची, मालक कपाळाला हात लावायचा, पण इतक्या वर्षांत त्याच्या हातचा एकही रॉड आखूड निघाला नव्हता. ह्याचा त्याला भारी तोरा होता. मिरवण्यासारखं दुसरं काही त्याच्याजवळ राहिलंच नव्हतं म्हणा.

मिरवायचं ते सगळं आता धाकट्या भावाकडे गेलं होतं. त्याला काठी कशी धरायची हे शिकवलं कुणी, तर खांबाने. आणि ज्या मोठ्या संघाच्या दारातून खांब हात हलवत परत आला होता, त्याच संघाने धाकट्याला चढाईला घेतलं. आई येईल त्याला ही बातमी सांगायची, ऐकलेल्यालाही पुन्हा सांगायची. खांब हसून मान डोलवायचा आणि आतल्या आत जळायचा. धाकटा जेवताना हसला तरी ह्याच्या पोटात दुखायचं. त्याच्या दाराशी काढलेल्या बुटांचासुद्धा राग यायचा. स्वतःचाही यायचा, पण तो जरा कमी.

पहिला सामना तोंडावर आला आणि सरावात धाकट्याच्या काठीचा दांडा वाकला. जाळी तेवढी धड राहिली. आई ताटं वाढता वाढता म्हणाली, "दादाची ती काठी नुसती पडूनच आहे की. तीच घे कापून."

नुसती पडूनच आहे. खांबाच्या हे जिव्हारी लागलं. त्याला कुणी विचारलंही नाही, कारण तो नाही म्हणेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. तो उठला, काठी स्वतःच खाली काढली आणि धाकट्याला म्हणाला की उद्या दुकानात ये, करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी जाळी उतरवली आणि नुसता दांडा टेबलावर आडवा ठेवला. चढाईवाल्यांची काठी आखूड असते, पण किती आखूड चालते ह्याला नियम आहे. माप जाळीसकट धरतात. कमी भरलं तर पंच काठी काढून घेतो आणि खेळाडूला बाहेर बसवतो. खांबाला हे तोंडपाठ होतं, धाकट्याला कधी मोजायची वेळच आली नव्हती. पहिलाच सामना, आई बघायला आलेली, आणि धाकटा बाहेर. ह्या विचाराची खांबाला लाज वाटायला हवी होती. त्याला बरं वाटलं.

लांब दांड्याचा बरोबर अर्धा भाग जाळीसकट नियमाला पुरायचा, म्हणून खूण मध्यावर यायला हवी होती. जाळीच्या टोकाकडून मोजून त्याने तिथे चिकटपट्टी लावली, मग काढली आणि दोन बोटं अलीकडे, जाळीच्या टोकाकडे लावली. मग करवत चालवली. खालचा तुकडा, ज्यावर त्याची पट्टी गुंडाळलेली मूठ होती, जमिनीवर पडून टेबलाखाली घरंगळला.

तेवढ्यात धाकटा आलाच. खांबाने वरचा तुकडा पुढे केला. धाकट्याने तो घेतला नाही. तो वाकला, टेबलाखालचा तुकडा काढला आणि मुठीवर जिथे खांबाच्या अंगठ्याने पट्टी झिजवून काळी केली होती, तिथे आपला अंगठा ठेवून बघितला.

"दादा, मला हा हवाय."

त्याला जाळी कसायच्या स्क्रूचं भोक नाही, नवीन पाडावं लागेल, उगाच काम वाढेल, असं खांब कसंबसं म्हणाला.

"पाड ना. उद्या तिथे माझे हातपाय गळणार आहेत. तुझी मूठ हातात असली की बरं वाटेल."

बोलता बोलता त्याने आपली जाळी त्या तुकड्यावर बसवली आणि टेबलाच्या कडेवरच्या मापाशी धरली. नियमाला हवी तेवढी भरून काठी वर दोन बोटं उरली. थोडी जास्त चालते, कमी चालत नाही. धाकटा हसला.

"सवय जात नाही बघ तुझी. लोकांना बोटभर ठेवतोस, मला दोन बोटं ठेवलीस."

खांबाने मान वर केली नाही. त्याने भोक पाडलं, कड कानशीने घासली, स्क्रू पिळला. उरलेलं उतरवू का, हे काही त्याने विचारलं नाही. धाकटा काठी खांद्यावर टाकून रस्त्याने गेला, आणि खांब दारात उभा राहून बघत होता. हेवा वाटायचा तो वाटलाच. पण आज धाकट्याचा कमी वाटला. ज्या दादावर विसंबून तो असा झपझप चालला होता, त्या दादाचा जास्त वाटला.

दुकान बंद करताना मालकाला टेबलावर वरचा तुकडा दिसला. हा कुठल्या खिडकीचा, त्याने विचारलं.

"कुठल्याच नाही," खांब म्हणाला. "आखूड कापला मी."

मालकाला ती थट्टा वाटली. तो हसत हसत शटर ओढायला गेला.